साथीच्या काळात सुट्टीला घरी निघालेला विद्यार्थी

जनपदोद्ध्वंसाचा अध्याय आपण सर्वांनीच विद्यार्थिदशेत अभ्यासला आहे. परंतु साथ प्रत्यक्ष दारात येऊन उभी राहते, तेव्हा रुग्ण आपणांस वायू, उदक, देश व काल यांच्या विकृतीची लक्षणे विचारीत नाही. तो साधा, व्यवहारातला प्रश्न विचारतो. कोविडच्या साथीत आम्हांस असा एक प्रश्न वारंवार विचारला गेला. "डॉक्टर, सणाला घरी जायचे आहे. सोबत कोणते औषध नेऊ?" विचारणारा बहुधा विशीतला असे, वसतिगृहात किंवा चारपाच मित्रांसह भाड्याच्या खोलीत राहणारा. हाच प्रश्न औषधालयाच्या चालकांनाही विचारला जाई आणि तेथे त्याचे उत्तर काढ्याच्या पुड्याच्या रूपाने ताबडतोब मिळे.

साथ ओसरली, तरी प्रश्न जुना झालेला नाही. शीतज्वराच्या साथी दरवर्षी येतात, आणि गणेशोत्सव, दिवाळी, नाताळ यांच्या सुट्ट्याही दरवर्षी येतात. या प्रश्नाचे नेमके उत्तर काय असावे, हे शास्त्र आणि अलीकडचा अनुभव या दोहोंच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. आमचे मत आरंभीच सांगतो. घरी जावे की नाही, आणि कसे जावे, याचे उत्तर प्रथम दिवसांच्या हिशोबात शोधावे लागते. औषधाचा विचार त्यानंतरचा.

शास्त्राधार

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात कुष्ठाच्या प्रसंगाने औपसर्गिक रोगांच्या संक्रमणाचे मार्ग सांगितले आहेत. निकट सहवास, अंगस्पर्श, निःश्वास, एकत्र भोजन, एकत्र शय्या व आसन, तसेच दुसऱ्याची वस्त्रे, माला व अनुलेपन वापरणे, हे ते मार्ग होत. या मार्गांनी पसरणाऱ्या व्याधींत त्यांनी ज्वराचाही समावेश केला आहे. ही यादी हाती घेऊन एखाद्या वसतिगृहातून फेरफटका मारावा. तिघांची एक खोली, मेसमधील लांब बाक, एकाच ताटात चौघांचे हात, परस्परांचे टॉवेल व स्वेटर, परीक्षेच्या आदल्या रात्री दारे-खिडक्या बंद करून केलेला सामूहिक अभ्यास. यादीतील बहुतेक सर्व मार्ग तेथे नित्य उघडे असतात.

चरकसंहितेच्या विमानस्थानात भगवान पुनर्वसु आत्रेयांनी अग्निवेशास जनपदोद्ध्वंसाचे विवेचन केले आहे. तेथील दोन मुद्दे आपल्या विषयाशी थेट निगडित आहेत. पहिला असा की, उद्ध्वंसाची चिन्हे दिसू लागताच, भूमीचा रस बिघडण्यापूर्वी, औषधी गोळा करून ठेवण्यास आत्रेय सांगतात. औषधालयांच्या दृष्टीने हे वचन किती महत्त्वाचे आहे, ते पुढे येईलच. दुसरा मुद्दा असा की, अशा काळात निरोगी, कल्याणकारी प्रदेशाचा आश्रय हितकर म्हटला आहे. यावरून एखादा वैद्य म्हणेल, "मग विद्यार्थ्याने गजबजलेले शहर सोडून गावी जावे, हेच शास्त्रसंमत नव्हे काय?" आमच्या मते चरक आणि सुश्रुत यांची वचने येथे एकत्र वाचली पाहिजेत. निरोगी प्रदेशाचा आश्रय घेणारा स्वतः व्याधी घेऊन तेथे गेला, तर तो प्रदेश निरोगी राहत नाही. गावी जाणे हितकर ठरेल, परंतु आपल्यासोबत काय जात आहे हे पाहून.

तीन प्रसंग

गेल्या काही वर्षांतील तीन प्रसंग या दृष्टीने उद्बोधक आहेत.

पहिला प्रसंग केरळचा. भारतातील कोविडचा पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी त्रिशूर येथे निश्चित झाला. पाठोपाठ २ व ३ फेब्रुवारीला आलप्पुळा व कासरगोड येथे आणखी दोन रुग्ण आढळले. हे तिघेही चीनमधील वुहान येथे शिकणारे विद्यार्थी होते. चिनी नववर्ष त्या वर्षी २५ जानेवारीला होते आणि त्याच सुमारास ते मायदेशी परतले होते. म्हणजे आपल्या देशात ही साथ पहिल्याने आली ती घरी परतणाऱ्या विद्यार्थ्यांसोबतच. परंतु याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. वुहानहून आलेल्यांवर आरोग्ययंत्रणेने आरंभापासून लक्ष ठेवले, त्यांना घरात वेगळे राहण्यास सांगितले आणि लक्षणे दिसताच रुग्णालयात हलविले. या तिघांपासून पुढे साथ पसरली नाही. केरळात त्यानंतरचे रुग्ण मार्चमध्ये आढळले, ते इटलीहून आलेल्या एका कुटुंबातील. त्या वेळी या व्याधीवर कोणतेही निश्चित औषध उपलब्ध नव्हते. मोजलेले दिवस आणि पाळलेले अंतर, एवढ्यावरच हे साधले.

दुसरा प्रसंग पुण्याचा. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत देशातील पहिला मृत्यू ३ ऑगस्ट रोजी पुण्यात झाला. तो एका शाळकरी मुलीचा होता. त्यानंतर शहरातील शाळा-महाविद्यालये काही दिवस बंद ठेवण्यात आली. दहीहंडी तोंडावर होती आणि २३ ऑगस्टला गणेशचतुर्थी. बाहेरगावच्या विद्यार्थ्यांपुढे राहावे की गावी जावे, हा प्रश्न अचानक उभा राहिला. त्या साथीत वृद्धांपेक्षा लहान मुले व तरुण यांना लागण अधिक होत होती, तर कोविडमध्ये गंभीर परिणाम प्रामुख्याने वृद्धांना आणि मधुमेह, हृद्रोग इत्यादी व्याधी असलेल्यांना भोगावे लागले. यावरून चिकित्सकाने एक बोध घ्यावा. 'तरुणाला काही होत नाही' हे विधान प्रत्येक साथीला लागू पडत नाही. साथ कोणाला अधिक पीडते, हे आधी समजून घेऊन मगच सल्ला द्यावा.

तिसरा प्रसंग इंग्लंडचा. तेथे महाराष्ट्रातील अनेक विद्यार्थी पदव्युत्तर शिक्षणासाठी जातात, म्हणून तो आपल्यालाही जवळचा आहे. २०२० च्या सप्टेंबरात तेथील विद्यापीठे उघडली आणि वसतिगृहांत कोविड झपाट्याने पसरला. मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठाच्या दोन वसतिगृहांतील सुमारे १,७०० विद्यार्थ्यांना १४ दिवस आतच राहण्यास सांगण्यात आले. पुढे नाताळ जवळ आला, तेव्हा शासनाने ३ ते ९ डिसेंबर हा काळ विद्यार्थ्यांच्या घरी जाण्यासाठी निश्चित केला. जाण्यापूर्वी तीन दिवसांच्या अंतराने दोन चाचण्यांची सोय करण्यात आली. यामागील हिशोब पाहण्यासारखा आहे. चाचणीत दोष आढळलाच, तर त्या विद्यार्थ्याला विलगीकरण पूर्ण करूनही २५ डिसेंबरपूर्वी घरी पोहोचता यावे, इतके दिवस हाती राखले होते. सणाची तारीख हलविता येत नाही, म्हणून निघण्याची तारीख अलीकडे आणली.

दिवसांचा हिशोब

हाच हिशोब आपल्या दिवाळीला लावून पाहू. २०२० साली लक्ष्मीपूजन १४ नोव्हेंबरला आणि पाडवा व भाऊबीज १६ नोव्हेंबरला होती. त्या काळातील कोविडमध्ये संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंत सामान्यतः ५ ते ६ दिवस जात, क्वचित १४ दिवसही लागत. लक्षणे दिसण्यापूर्वी सुमारे दोन दिवस रुग्ण इतरांना संसर्ग देऊ लागे.

आता अशी कल्पना करू की, कोविड केंद्रात सेवा करणारा आंतरवासीय विद्यार्थी ११ नोव्हेंबरला सहकाऱ्यांसह निरोपाचे जेवण करतो आणि तेथे त्याला संसर्ग होतो. १३ तारखेला, धनत्रयोदशीच्या दिवशी, तो घरी पोहोचतो. त्याला काहीही त्रास नाही. स्थानकावर कपाळासमोर धरलेल्या तापमापकात ज्वर नाही, कारण ज्वर अजून यायचाच आहे. १४ तारखेपासून तो संसर्ग देऊ लागतो. लक्ष्मीपूजनाला आजीच्या पाया पडतो, पाडव्याला सर्वांसोबत पंगतीला बसतो, बहीण औक्षण करते. १६ तारखेच्या रात्री त्याला कणकण जाणवते. म्हणजे सणाचे तिन्ही दिवस तो संसर्ग देत होता आणि तिन्ही दिवस स्वतःला निरोगी समजत होता. येथे दोष कोणाच्या निष्काळजीपणाचा नाही, दोन तारखांमधील अंतर फार कमी राहिले एवढाच आहे. तोच विद्यार्थी ३ तारखेपासून गर्दीची भोजने टाळून ८ तारखेला घरी पोहोचता आणि पहिले पाच-सहा दिवस वेगळ्या खोलीत राहता, तर धोका पूर्णपणे गेला नसता, तरी पुष्कळ उणावला असता.

प्रत्येक साथीचा हिशोब मात्र निराळा असतो. इन्फ्लुएन्झामध्ये संसर्गानंतर १ ते ४ दिवसांत लक्षणे दिसतात, आणि संसर्ग देण्याचा काळ लक्षणांच्या साधारण एक दिवस आधी सुरू होतो. नवी साथ आली की वैद्याने तीन गोष्टी त्वरित माहीत करून घ्याव्यात. लक्षणे किती दिवसांनी दिसतात, रुग्ण कोणत्या दिवसापासून किती दिवस संसर्ग देतो, आणि कोणत्या वयाला धोका अधिक.

विद्यार्थ्यास काय विचारावे

आम्ही सुचवितो की, असा विद्यार्थी आला असता नाडी पाहण्यापूर्वी पुढील प्रश्न क्रमाने विचारावेत.

१. गेल्या दहा दिवसांत खोलीत, मेसमध्ये किंवा वर्गात कोण आजारी पडले? स्वतःला काय होते याविषयी विद्यार्थी संकोच करतो, पण मित्राविषयी मोकळेपणाने सांगतो.

२. ज्वर किंवा अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल घेतली आहे काय? प्रवासाआधी गोळी घेऊन ज्वर दबविणारे विद्यार्थी असतात. अशा वेळी तापमान पाहून केलेला निर्णय फसवा ठरतो.

३. घरी कोण आहे? आजी-आजोबा, गर्भिणी, मधुमेही, वृक्करोगी, कर्करोगाची चिकित्सा घेणारे कोणी आहे काय? आपल्यासमोर बसलेला तरुण कदाचित दोन दिवसांत बरा होईल. आपली चिकित्सा त्या न दिसणाऱ्या माणसासाठीही आहे.

४. घरात वेगळी, खिडकी असलेली खोली आहे काय? नसल्यास ओसरी, गच्चीवरील खोली किंवा शेतातील घर आहे काय?

५. प्रवास कसा करणार? रात्रभराची बंद वातानुकूलित बस आणि उघड्या खिडकीची दिवसाची गाडी यांत फरक आहे.

६. लसीकरण झाले आहे काय? या प्रश्नास आपल्या व्यवसायातील कोणी टाळू नये. लस घेतलेल्यास आपले रसायन देता येते, आणि आपले रसायन घेतो म्हणून लस नको, असा सल्ला देण्यास कोणताही आधार नाही.

ज्याला ज्वर, कास किंवा प्रतिश्याय सुरू झाला आहे, त्याला प्रवासाची अनुमती देऊ नये. सण हुकल्याचे दुःख मोठे असते, याची आम्हांस जाणीव आहे. तथापि हा नकार वैद्याने द्यावा हेच बरे. मुलगा आईला "मी येत नाही" असे सांगू शकत नाही, पण "डॉक्टरांनी प्रवास करू नको म्हटले आहे" असे सांगू शकतो. गरज पडल्यास आपण स्वतः त्याच्या घरी दूरध्वनी करावा.

औषधालयांची जबाबदारी

आयुष मंत्रालयाने २०२० मध्ये सुचविलेल्या क्वाथात तुळस ४ भाग, दालचिनी व सुंठ प्रत्येकी २ भाग आणि काळी मिरी १ भाग असे प्रमाण होते. तो दिवसातून एकदा वा दोनदा घेण्यास सांगितले होते. प्रत्यक्षात मात्र अनेक घरांत उष्ण-तीक्ष्ण काढ्याचे पातेले दिवसभर चुलीवर राहिले. दिवाळी येते ती शरद ऋतूत. हा पित्तप्रकोपाचा काळ आहे, याचे भान वैद्यांनी तरी सोडू नये. पित्तप्रकृतीच्या माणसाला अशा काळात अमर्याद काढा दिल्यास दाह, अम्लपित्त, मुखपाक, अर्शातून रक्तस्राव असे त्रास संभवतात. उच्च रक्तदाब असलेल्या वृद्धाने दीर्घकाळ अधिक मात्रेत ज्येष्ठमध घेणेही योग्य नाही. म्हणून विद्यार्थी 'घरातल्या सगळ्यांसाठी' म्हणून एकच पुडा मागेल, तेव्हा घरातले सगळे कोण, हे विचारूनच तो द्यावा.

त्रिभुवनकीर्तीसारखे कल्प ज्वरात सर्वांना परिचित आहेत. त्यात वत्सनाभ व हिंगूळ आहेत. साथीची धास्ती घेतलेला विद्यार्थी प्रतिबंध म्हणून त्याची डबी मागतो आणि महिनाभर स्वतःच्या मनाने गोळ्या घेत राहतो. अशी विक्री वैद्याच्या पत्राविना करू नये. प्रतिबंधासाठी तो कल्प नाही, हे समजावून सांगण्यास दोन मिनिटे लागतात.

गुळवेलीविषयीही दक्षता आवश्यक आहे. साथीत मागणी वाढली आणि लोक कुंपणावरच्या, झाडावरच्या वेली तोडून काढा करू लागले. गुळवेलीसारखी दिसणारी, त्याच कुळातील दुसरी एक जात आहे व ती अपायकारक ठरू शकते, असा इशारा आयुष मंत्रालयाने २०२२ मध्ये दिला होता. आत्रेयांनी औषधी वेळीच गोळा करण्यास सांगितले, त्याचा अर्थ येथे उमगतो. ऐन साथीत टंचाई झाली की भेसळ व अज्ञान दोन्ही वाढतात. पावसाळा संपताना ओळख पटलेला, पारखलेला माल साठवून ठेवणारा औषधालयचालक साथीत समाजाची खरी सेवा करतो.

जाहिरातीविषयी एक शब्द. कोविडवर उपचार म्हणून आयुष औषधांचे दावे करणाऱ्या जाहिराती रोखण्याचा आदेश मंत्रालयाने १ एप्रिल २०२० रोजी दिला होता. १९५४ चा औषधे व जादूटोणा उपाय कायदा तर आधीपासूनच आहे. परंतु कायद्याच्या धाकापेक्षा मोठी गोष्ट येथे पणाला लागलेली असते. 'हे चाटण घ्या आणि निर्धास्त घरी जा' असा फलक वाचून निर्धास्त झालेला मुलगा आजोबांच्या शेजारी झोपतो. औषधाने त्याला धीर दिला, त्या धीरानेच अंतर मोडले. चाटण निर्दोष असूनही असा अपाय घडतो.

घरी पोहोचल्यावर

घरी आलेल्या विद्यार्थ्याने पहिले काही दिवस वेगळ्या खोलीत झोपावे, वृद्धांशी बोलताना मास्क वापरावा आणि अंगणात वा उघड्या ओसरीवर बसावे. ताट, तांब्या, टॉवेल स्वतंत्र असावा. सुश्रुतोक्त मार्ग एकेक करून बंद करणे, असेच याचे स्वरूप आहे.

आहाराविषयी घरातील मंडळींना विशेष सांगावे लागते. मूल महिनोन्‌महिने मेसचे जेवून आले म्हणून आई चकली, अनारसे, लाडू पुढे करते. अंगात कणकण असताना, अग्नी मंद असताना हे गुरू व तळलेले अन्न साम ज्वराला पोसते. लंघन, पेया, मुगाचे कढण, उष्णोदक हा क्रम आधी, फराळ मागाहून. डबा बंद करून ठेवलेली चकली आठ दिवसांनीही खाता येते.

पुढील लक्षणे दिसल्यास घरगुती वा आपल्या औषधांवर वेळ न दवडता रुग्णालयात पाठवावे. श्वास घेण्यास त्रास, छातीत वेदना, ऑक्सिजनचे प्रमाण ९४ टक्क्यांपेक्षा कमी होणे, ओठ निळसर दिसणे, ग्लानी किंवा असंबद्ध बोलणे, मूत्रप्रवृत्ती अल्प होणे, तीन दिवसांनंतरही टिकणारा किंवा एकदा उतरून पुन्हा चढलेला ज्वर. कोविडमध्ये ऑक्सिजन घटूनही रुग्णास दम जाणवत नसे, म्हणून घरात पल्स ऑक्सिमीटर असावा असा आमचा आग्रह असे. आजोबांची मधुमेहाची किंवा रक्तदाबाची चालू औषधे काढा सुरू केला म्हणून बंद करू नयेत.

जे घरी जाऊ शकत नाहीत

सर्वांनाच जाता येते असे नाही. इंग्लंडमध्ये नवा विषाणूप्रकार आढळल्यावर भारताने २२ डिसेंबर २०२० च्या मध्यरात्रीपासून तेथील विमानसेवा स्थगित केली व ती स्थगिती पुढे ७ जानेवारीपर्यंत वाढविली. युरोप व मध्यपूर्वेतून येणाऱ्यांसाठी महाराष्ट्र शासनाने संस्थात्मक विलगीकरण आवश्यक केले. नाताळच्या सुट्टीत रिकाम्या झालेल्या वसतिगृहात किती मराठी मुले एकेकटी राहिली असतील, याची कल्पना करता येते. आपल्याकडेही दिवाळीत मेस बंद होते, मित्र निघून जातात, आणि मागे राहिलेला मुलगा रात्रभर जागतो, दुपारी उठतो, बिस्किटांवर दिवस काढतो.

आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे उपस्तंभ आहेत. त्यांपैकी पहिले दोन एकाच वेळी ढासळले, तर बल टिकत नाही, मनही टिकत नाही. औषधालयाच्या शेजारी वसतिगृह असेल, तर चालकाने सणाच्या दिवशी मागे राहिलेल्यांची चौकशी करावी. कोणी सतत रडतो, जेवण टाळतो, जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलतो, तर त्यास एकटे न सोडता मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे व घरी कळवावे. सत्त्वावजय चिकित्सेत धैर्य देण्याला स्थान आहे, आणि धैर्य देण्यासाठी प्रथम कोणीतरी त्याच्या खोलीचे दार ठोठावावे लागते.

समारोप

साथीच्या काळात वैद्याकडे येणारा विद्यार्थी औषध मागतो, परंतु त्याला हवे असते ते घरी जाण्याचे आश्वासन. ते आपण देऊ शकत नाही. आपण त्याला तारीख सांगू शकतो, निघण्याची, वेगळे राहण्याची आणि मोकळेपणाने आजीच्या शेजारी बसण्याची. सर्व वैद्यबंधुभगिनींना व औषधालयचालकांना आमची विनंती आहे की, पुढील सणाच्या दोन आठवडे आधी, परिसरात ज्वराचे रुग्ण वाढलेले दिसल्यास, जवळच्या महाविद्यालयाच्या वसतिगृहप्रमुखांना भेटावे आणि हा दिवसांचा हिशोब एका कागदावर लिहून तेथील फलकावर लावावा. कागदावर औषधाचे नाव नसले तरी चालेल. खाली आपला पत्ता आणि शंका विचारण्याची वेळ तेवढी अवश्य असावी.